सतरा, तीस, तेहतीस: माझ्या वहीतली मॅगझिनं

ग्रीन कार्ड हातात पडलं आणि दुसऱ्याच महिन्यात मी पहिलं पिस्तूल घेतलं. त्याआधीची नऊ वर्षं एच-वन-बीवर काढली. त्या काळात मित्र नेमबाजीच्या रेंजवर घेऊन जायचे, पण मी बाहेरच्या बाकावर बसून राहायचो. फेडरल कायद्यानं नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे. शिकारीचा चालू परवाना असण्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण ते आपल्याला लागू होतात का हे आधी नीट पाहावं लागतं. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण इथं नव्यानं आलेल्या आपल्या मुलांना ते कुणी सांगत नाही, आणि तासाभराच्या हौसेपायी सगळं बसलेलं बस्तान उठायची वेळ येऊ शकते.

आता पाच वर्षं झाली. मी फिनिक्सच्या उत्तरेला राहतो आणि महिन्यातून दोनदा बेन एव्हरी रेंजवर जातो. माझ्याकडे एक ग्लॉक १७ पिस्तूल आहे आणि एक ए-आर-१५ रायफल. बंदूक कुठली घ्यावी यावर ओळखीतले लोक तासन्‌तास बोलतात, पण मॅगझिनचा, म्हणजे बंदुकीत बसवायच्या गोळ्यांच्या डब्याचा, विषय निघाला की "जे स्वस्त मिळेल ते घेऊ" म्हणून मोकळे होतात. माझा अनुभव असा, की रेंजवर बंदूक अडकली तर आधी मॅगझिन बदलून बघावं. बहुतेक वेळा रोग तिथंच असतो.

माझ्याकडे पिस्तुलाची आठ आणि रायफलची सहा मॅगझिनं आहेत. प्रत्येकावर पांढऱ्या पेंट पेननं आकडा घातलाय. रायफलची माझी मॅगझिनं पीमॅग जातीची आहेत, त्यांच्या खालच्या बाजूला त्यासाठीच ठिपक्यांची छोटी जाळी दिलेली असते. मी ते ठिपके भरून देवनागरी आकडे काढतो. एकदा शेजारच्या लेनवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी वाकून बघितलं आणि ही कुठली लिपी म्हणून विचारलं. त्यांना १ ते ८ आकडे लिहून दिले, तर पुढच्या खेपेला त्यांनीही आपल्या मॅगझिनांवर आकडे घातले होते, अर्थात त्यांच्या लिपीत. आकडे घालण्याचा फायदा एकच आणि मोठा: कुठलं मॅगझिन अडकलं ते वहीत नेमकं लिहिता येतं. तारीख, आकडा, किती गोळ्या झाडल्या, काय बिघडलं. आकडा नसला तर आजारी मॅगझिन ढिगात मिसळून जातं आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच हाताला लागतं.

मॅगझिन दिसायला साधा डबा. आत एक स्प्रिंग, स्प्रिंगवर बसलेला, गोळ्या वर ढकलणारा फॉलोअर, तळाला झाकण, आणि वरच्या तोंडाशी गोळी अडवून धरणाऱ्या दोन वळलेल्या कडा, ज्यांना फीड लिप्स म्हणतात. गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना वरची गोळी ढकलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी गोळी बसते त्या जागी, नेते. पापणी लवायच्या आत हे होतं, आणि तेवढ्या वेळात स्प्रिंगला खालचा अख्खा ढीग एक गोळीभर वर उचलायचा असतो. नऊ मिलिमीटरचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं. १७ म्हणजे दोनशे ग्रॅम, ३३ म्हणजे जवळपास चारशे. मॅगझिन गच्च भरलेलं असताना ओझं सगळ्यात जास्त, आणि संपत आलेलं असताना स्प्रिंग सगळ्यात सैल. एकाच स्प्रिंगनं ही दोन्ही टोकं सांभाळायची. डबा लांबत गेला की दोन टोकांमधलं अंतर वाढत जातं. मोठ्या मॅगझिनांवर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न सगळा इथं अडलाय.

आधी ग्लॉकच्या फॅक्टरी मॅगझिनांबद्दल. १७ गोळ्यांची अशी सहा आहेत माझ्याकडे, प्रत्येकी २५ ते ३० डॉलरला घेतलेली. बाहेरून प्लॅस्टिक, आतून पोलादी अस्तर. मागच्या बाजूला भोकं आणि त्यांच्याशेजारी आकडे, त्यामुळे किती गोळ्या भरल्यात ते न मोजता दिसतं. नवीन असताना सतरावी गोळी घालताना अंगठा दुखतो, मी तर पहिले दोन महिने सोळावरच थांबायचो. सोबत भरणीचं छोटं साधन मिळतं, ते वापरावं. पाच वर्षांत या सहांमधून सहा हजारांवर गोळ्या झाडल्या. वहीत दोन अडथळे लिहिलेत, आणि दोन्ही वेळा काडतूसच कमजोर होतं. दुसऱ्या खोक्यातली गोळी घातल्यावर तीच मॅगझिनं सुरळीत चालली. (ग्लॉक १७ मधला १७ हा गोळ्यांचा आकडा आहे असं सगळे धरून चालतात. सांगतात असं, की ते कंपनीचे संस्थापक गास्टन ग्लॉक यांचं सतरावं पेटंट होतं.)

उरलेली दोन, म्हणजे ७ आणि ८, दुसऱ्या एका कंपनीची आहेत. निम्म्या किमतीला मिळाली म्हणून घेतली. ८ क्रमांकाचं भरलेलं मॅगझिन एकदा हातातून सिमेंटवर पडलं. तळाचं झाकण निघालं, स्प्रिंग बाहेर उडाली आणि गोळ्या बाकाखालून घरंगळत रेषेच्या पुढे गेल्या. सीझ फायर, म्हणजे सगळ्यांचा गोळीबार थांबेपर्यंत, त्यांच्याकडे नुसतं बघत उभा होतो. ७ चं दुखणं वेगळं होतं. शेवटच्या दोन गोळ्यांवर आलं की गोळीचं टोक खाली झुकायचं आणि चेंबरच्या तोंडाशी धडकून बसायचं. शेवटची गोळी गेल्यावर स्लाइड मागे अडकून राहायला हवी, तीही राहायची नाही. घरी आल्यावर ७ ची आणि ३ ची स्प्रिंग काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. सातची चक्क दोन बोटं आखूड होती. वापरलेली दोन्ही जवळपास सारखीच.

मॅगझिन भरून ठेवलं की स्प्रिंग मरते, ही समजूत इथंही घट्ट आहे. चांगल्या पोलादाची स्प्रिंग दाबून ठेवल्यानं फारशी थकत नाही. ती थकते वर-खाली होऊन, म्हणजे वापरानं. म्हणून मी घरातलं मॅगझिन भरलेलंच ठेवतो, तिजोरीत, आणि रेंजवर जास्त राबणाऱ्यांच्या स्प्रिंगा बदलत राहतो. दुसरी वाईट सवय म्हणजे आतून तेल लावणं. इथली धूळ मैद्यासारखी बारीक असते. तेलावर ती बसली की आत चिखल होतो आणि फॉलोअर रुततो. मॅगझिन कोरड्या कापडानं पुसायचं, बस.

रायफलसाठी मॅगपुल कंपनीचं ३० गोळ्यांचं पीमॅग, जेन एम-थ्री म्हणजे तिसऱ्या पिढीचं. प्रत्येकी १४ डॉलर पडलं. इतक्या पैशांत इतकी भरवशाची वस्तू मी या छंदात दुसरी पाहिलेली नाही. मॅगपुल हे नावच मुळी त्यांच्या पहिल्या वस्तूवरून आलंय: मॅगझिन पाऊचमधून पटकन ओढून काढण्यासाठी त्याच्या बुडाला लावायचा रबरी फास. १९९९ साली रिचर्ड फिट्झपॅट्रिक या माजी मरीननं तो काढला. पुढे २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकन मरीन कोअरनं हेच एम-थ्री मॅगझिन आपल्या सैनिकांसाठी मंजूर केलं.

त्याचं मर्म आतल्या वळणात आहे. या रायफलचं ५.५६ मिलिमीटरचं काडतूस बुडाशी जाड आणि पुढे निमुळतं असतं, त्यामुळे एकावर एक रचत गेलं की ढीग आपोआप वाकतो. व्हिएतनामच्या काळातलं २० गोळ्यांचं मॅगझिन सरळ होतं, आणि रायफलमधली मॅगझिन बसायची खाचही त्याच मापानं सरळ ठेवली गेली. मग ३० चं मॅगझिन आलं तेव्हा वरचा भाग सरळ आणि खालचा वाकडा करावा लागला. जिथं सरळ आणि वाकडं जुळतं तिथं जुन्या ॲल्युमिनियमच्या मॅगझिनांत फॉलोअर तिरका व्हायचा आणि गोळी नाक खाली घालून अडकायची. पीमॅगमध्ये आतली वाट एकसारखी वळत जाते आणि फॉलोअर चारही बाजूंनी सावरलेला असतो. वर एक टोपी येते, ती दाबून बसवली की भरून ठेवलेल्या मॅगझिनच्या फीड लिप्सवरचा ताण जातो आणि धूळही आत जात नाही. सहा मॅगझिनं, चार हजारांच्या आसपास गोळ्या, आणि वहीत त्यांच्या नावावर एकही अडथळा नाही.

एक सवय मात्र लावून घ्यावी. बोल्ट (रायफलमध्ये गोळी चेंबरमध्ये ढकलणारा भाग) बंद असताना पूर्ण तीस भरलेलं मॅगझिन बसवायला जोर लागतो, आणि नीट बसलंय असं वाटून ते अर्धवटच राहतं. मी २८ भरतो. बसवलं की तळव्यानं एक थाप आणि लगेच खाली एक ओढ. ओढीला निघून आलं तर बसलेलंच नव्हतं. सुरुवातीला ही ओढ मी विसरायचो, आणि पहिली गोळी झाडल्यावर मॅगझिन पायावर पडायचं.

आता तेहतीस. ग्लॉकचंच फॅक्टरी मॅगझिन, पिस्तुलाच्या मुठीखाली वीतभर लोंबणारं. खरं सांगायचं तर ते एकदाही अडकलं नाही. पण बाकावर मनगट टेकवून नेम धरायचा म्हटलं तर ते आधी बाकाला लागतं. भरलेलं असताना पिस्तुलाचा तोल खाली जातो, आणि दहा-बारा गोळ्यांनंतर तोल पुन्हा बदलतो, म्हणजे सरावातून शिकायचं ते शिकणंच होत नाही. ड्रमची, म्हणजे गोल डब्यासारख्या मॅगझिनची, गोष्ट तर त्याहून वाईट. मित्राबरोबर अर्धे पैसे घालून ५० गोळ्यांचा एक ड्रम घेतला होता. कंपनी मोठी नव्हती, नाव देत नाही. भरायला पंधरा मिनिटं, आणि एका भरणीत कमीत कमी दोनदा जाम. ड्रममध्ये गोळ्यांना गोल फिरून मग सरळ मनोऱ्यात चढावं लागतं, आणि त्या वळणावर एक गोळी जरी तिरकी झाली तरी मागच्या सगळ्या थांबतात. तिसऱ्या रविवारी आम्ही तो नेणंच सोडलं.

तेहतीसचं मॅगझिन मी दुकानात परत देऊन टाकलं, त्याला आणखी एक कारण होतं. टुसॉन माझ्या घरापासून दोन तासांवर. ८ जानेवारी २०११ ला तिथल्या सुपरमार्केटबाहेर खासदार गॅबी गिफर्ड्स लोकांना भेटत होत्या, तेव्हा झालेल्या गोळीबारात सहा माणसं गेली, त्यात नऊ वर्षांची एक मुलगी होती. मारेकऱ्याच्या ग्लॉकमध्ये हेच ३३ गोळ्यांचं मॅगझिन होतं. ते संपल्यावर दुसरं घालायला गेला, त्या क्षणी आजूबाजूच्या माणसांनी त्याला खाली पाडलं, आणि एका बाईनं त्याचं ते दुसरं मॅगझिन धरून ठेवलं. मॅगझिन बदलायला लागणारे दोन-तीन सेकंद किती मोलाचे असतात याची यापेक्षा स्पष्ट नोंद मला माहीत नाही. मोठ्या मॅगझिनांवर बंदी हवी म्हणणारे लोक हेच सांगतात. विरुद्ध बाजूचे म्हणतात, घरात शिरलेल्या माणसासमोर तेच सेकंद आपल्यालाही हवे असतात, आणि १७ किंवा ३० हे मोठं नव्हे, नेहमीचं माप आहे. मला दोन्ही बोलणी खरी वाटतात. रेंजवर आणि घरात मला १७ पुरतात, एवढं माझ्यापुरतं ठरलंय. तेहतीस हातात धरलं की टुसॉन आठवायचं, आणि करमणूक म्हणून ते वापरणं मला जमेना.

कायद्याकडे येतो, कारण याबाबतीत आपल्या लोकांचा सगळ्यात जास्त घोळ होतो. देशभराची मर्यादा एकदाच होती: १३ सप्टेंबर १९९४ पासून दहा वर्षं, दहाहून जास्त गोळ्यांची नवी मॅगझिनं सामान्य माणसाला विकायला बंदी. २००४ मध्ये ती मुदत संपली आणि पुन्हा आली नाही. आता जो तो राज्याचा मामला. ॲरिझोनात मर्यादा नाही. मॅगझिन म्हणजे फेडरल कायद्यानं बंदूक नव्हे, त्यामुळे ना फॉर्म ना चौकशी, ते पुस्तकासारखं दारात येऊन पडतं. त्यामुळेच माणूस गाफील होतो.

मी झालो होतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला अर्व्हाइनला मावसभावाकडे निघालो. क्वार्टझसाइटला गाडी थांबवली, थर्मासमधला चहा काढायला डिकी उघडली, आणि फराळाच्या डब्यांखाली रेंजची पिशवी दिसली. पिस्तूल घरी तिजोरीत होतं, पण बाजूच्या खणात १ आणि ४ क्रमांकाची रिकामी मॅगझिनं तशीच राहिली होती. तिथून कोलोरॅडो नदी वीस मैल, आणि नदीपलीकडे कॅलिफोर्निया. दहाहून जास्त गोळ्यांचं मॅगझिन त्या राज्यात नेणं हाच गुन्हा. आत गोळी आहे की नाही, बंदूक सोबत आहे की नाही, याला अर्थ नाही. बायकोनं पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "परत फिरू या. पोरं गाडीत आहेत." दोन तास उलटं आलो, पिशवी घरी ठेवली, आणि पुन्हा निघालो. अर्व्हाइनला पोहोचेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. पिशवी वाटेतल्या कचरापेटीत टाकायचा विचार मनात आला होता, हेही कबूल करतो. ते त्याहून वाईट झालं असतं.

मावसभाऊ स्वतः नेमबाजी करतो. त्याच्या राज्याची कहाणी त्याच्याकडूनच ऐकली. तिथं २००० सालापासून विक्री बंद आहे, आणि २०१६ च्या मतदानात लोकांनी बाळगण्यावरही बंदी आणली. ती लागू व्हायच्या आधीच सॅन दिएगोचे न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी स्थगिती दिली, आणि २९ मार्च २०१९ ला सगळा कायदाच घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर ५ एप्रिलपर्यंत, जेमतेम एक आठवडा, कॅलिफोर्नियात मोठी मॅगझिनं कायदेशीरपणे विकत मिळत होती. "दादा, त्या आठवड्यात कुठल्याच दुकानात काही शिल्लक नव्हतं," तो सांगत होता. मग अपील, फेरअपील, सुप्रीम कोर्टातून खटला माघारी, बेनिटेझ यांचा पुन्हा तोच निकाल. त्यानंतर २० मार्च २०२५ ला नाइन्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाच्या मोठ्या पीठानं ७ विरुद्ध ४ मतांनी बंदी योग्य ठरवली. त्याची १० गोळ्यांची फॅक्टरी मॅगझिनं मी तिथल्या रेंजवर वापरून बघितली. ओझं कमी, त्यामुळे चालतात एकदम गुळगुळीत. दहाच्या राज्यात राहणाऱ्यानं भरवशाच्या बाबतीत तरी हळहळू नये.

बाकी राज्यांची मापं अशी विचित्र आहेत की एकच वस्तू एका ठिकाणी चालते आणि दुसरीकडे नाही. कोलोरॅडोत २०१३ पासून मर्यादा १५. म्हणजे ग्लॉक १९ पिस्तुलाचं नेहमीचं १५ गोळ्यांचं मॅगझिन बसतं, माझं १७ चं बसत नाही. (त्याच कायद्यानंतर मॅगपुलनं कोलोरॅडो सोडलं, कारखाना वायोमिंगला आणि मुख्य कचेरी टेक्सासला नेली.) डेलावेअरमध्ये १७, तिथं माझं काठावर पास. इलिनॉय आणि व्हर्माँटमध्ये पिस्तुलाला १५ आणि रायफलला १०. वॉशिंग्टन राज्यात २०२२ च्या जुलैपासून दहाहून मोठं विकायला आणि बाहेरून आणायला बंदी, पण आधीपासून घरात असलेलं ठेवता येतं. न्यू जर्सीत तशी सवलत नाही. तिथं २०१८ मध्ये मर्यादा १५ वरून १० वर आणली आणि जुनी मॅगझिनंही त्यात धरली.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका मित्रानं मागच्या वर्षी फोन केला. "तुमच्याकडे सगळं मोकळं आहे ना, दोन पीमॅग कुरिअरनं पाठव. रिकामं प्लॅस्टिक तर आहे." मी नाही म्हटलं, आणि तो आठ दिवस रुसला. न्यू जर्सीत असं मॅगझिन जवळ सापडणं हा चौथ्या दर्जाचा गुन्हा आहे, अठरा महिन्यांपर्यंत कैद. त्याचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. मी पाठवलं असतं तर मैत्रीचा घात केला असता.

रेंजची पिशवी रेंजचीच ठेवा. विमानात हातातल्या सामानात रिकामं मॅगझिनसुद्धा चालत नाही, आणि भारतात जाताना तर चुकूनही सोबत नको, आपल्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात. आमच्या घरी आता ती पिशवी गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली असते. भडक नारिंगी रंगाची मुद्दाम घेतली, म्हणजे डिकीत गेली तर लगेच दिसेल. प्रवासाच्या आदल्या रात्री ती खिळ्यावर आहे का, हे बायको स्वतः बघते.

नवीन घेणाऱ्यांसाठी: ग्लॉक असेल तर फॅक्टरीचीच, रायफलला पीमॅग, दोन्ही राज्याच्या मर्यादेतली. प्रत्येक नवं मॅगझिन तीनदा पूर्ण भरून झाडल्याशिवाय घरच्या रक्षणासाठी ठेवू नका. ८ क्रमांक मी मोडीत काढलं. ७ ला नवी स्प्रिंग घातलीय. गेल्या दोन खेपांत त्यातून १२० गोळ्या अडथळ्याविना गेल्या आणि शेवटी स्लाइडही नीट अडकली. वहीत त्याच्या नावापुढे अजून लाल ठिपका आहे. आणखी शंभर झाल्या की खोडेन.